जुनी सवय परत का येते?



देव्हारा हलविला, पंचशील घेतले, बावीस प्रतिज्ञा चौकटीत बसवून भिंतीवर लावल्या. वर्ष-दोन वर्षे सुरळीत गेली. मग एके रात्री लहान मूल तापाने फणफणते, औषधाला उतार पडत नाही, आणि घरातील म्हातारी कोणाला न सांगता मुलावरून मीठ-मिरची उतरवून चुलीत टाकते, जुन्या देवाला नारळ कबूल करते. सकाळी हे उघडकीस येते. मुलगा चिडून म्हणतो, "आई, तू बौद्ध झालीच नाहीस." म्हातारी गप्प बसते. असे प्रसंग आपल्या कितीतरी घरांतून घडतात. दारू सोडलेल्या माणसाच्या बाबतीत तर वारंवार घडतात.

ही म्हातारी ढोंगी आहे काय? तिने दीक्षा खोट्या मनाने घेतली होती काय? उत्तर देण्याची घाई करू नये. मनुष्य शिकतो कसा आणि शिकलेले सोडतो कसा, या प्रश्नावर गेली सव्वाशे वर्षे जगातील प्रयोगशाळांतून काम झाले आहे. कुत्री, मांजरे, कबुतरे, उंदीर, लहान मुले, गृहिणी, विद्यार्थी यांच्यावर प्रयोग झाले. त्यांतील काही प्रयोग या पाठात समजून घेऊ. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. प्रयोग म्हणजे तरी दुसरे काय?

प्रथम पावलोव्ह यांचा प्रयोग घेऊ. इव्हान पावलोव्ह हे रशियातील शरीरशास्त्रज्ञ. पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सेंट पीटर्सबर्ग येथील त्यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या तोंडातील लाळ मोजली जात असे. खाणे तोंडात पडले की लाळ सुटते, यात नवल नाही. पण खाणे देण्यापूर्वी प्रत्येक वेळी एखादा ठराविक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच लाळ सुटू लागते. इतका भाग शाळेच्या पुस्तकातही असतो. आपल्याला हवा तो भाग पुढचा आहे.

पावलोव्ह यांनी नंतर खाणे बंद केले. आवाज करावयाचा, पण खाणे द्यावयाचे नाही. हळूहळू लाळ कमी होत गेली आणि शेवटी थांबली. कुत्रा ती गोष्ट विसरला असे कोणालाही वाटले असते. पण त्याला काही काळ विश्रांती देऊन पुन्हा तोच आवाज केला, तेव्हा लाळ पुन्हा सुटली. पहिल्याइतकी नसेल, पण सुटली. म्हणजे जुने शिकलेले पुसले गेले नव्हते, ते दबले होते. "आवाज झाला की खाणे" हा पहिला धडा आणि "आवाज झाला तरी खाणे नाही" हा दुसरा धडा, असे दोन्ही धडे त्या प्राण्याच्या ठिकाणी एकदम राहत होते. मानसशास्त्रात या दबण्याला विलोपन म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे, कारण लोप काहीच पावत नाही.

दबलेले वर केव्हा येते, याचाही शोध झाला. अमेरिकेतील मार्क बाउटन आणि रॉबर्ट बोल्स यांनी १९७९ साली उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. एका पेटीत उंदरांना एक खूण मिळे आणि मागोमाग विजेचा झटका बसे. उंदीर त्या खुणेला भिऊ लागले. मग दुसऱ्या, वेगळ्या पेटीत तीच खूण वारंवार दिली आणि झटका दिला नाही. भीती गेली. त्यानंतर उंदरांना पुन्हा पहिल्या पेटीत ठेवून खूण दिली, तर भीती जशीच्या तशी परतली. नवा धडा ज्या जागेत शिकला, त्या जागेशी तो बांधलेला राहतो. जुना धडा मात्र जुन्या जागी वाट पाहत बसलेला असतो.

माणसाच्या बाबतीत याला जुळणारी एक मोठी पाहणी आहे. तो प्रयोग नव्हता, पण फार बोलकी आहे. व्हिएतनामच्या युद्धात अनेक अमेरिकन सैनिक तेथे स्वस्तात मिळणाऱ्या हेरॉईनच्या आहारी गेले. १९७१ साली मायदेशी परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधिकेने पाठपुरावा केला. व्हिएतनाममध्ये ज्यांना हे व्यसन जडले होते, त्यांच्यापैकी पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनी झाले आणि तीन वर्षांत सुमारे १२ टक्के. सरकारला आणि डॉक्टरांनाही हा आकडा पटेना, कारण हेरॉईन एकदा लागले की सुटत नाही असाच सर्वांचा समज होता. रॉबिन्स यांनी एकच कारण सांगितले नाही. परंतु ते रान, तो धोका, ते सोबती आणि तो सहज मिळणारा माल हे सारे मागे राहिले, ही गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. आता आपल्याकडे पाहा. दारू सोडलेला माणूस पगाराच्या दिवशी त्याच रस्त्याने, त्याच सोबत्यांबरोबर, त्याच गुत्त्यावरून घरी येतो. तो पुन्हा प्याला की आपण म्हणतो, त्याच्या मनात बळ नाही. बळाचा प्रश्न असेलही, पण आधी रस्त्याचा प्रश्न आहे. पगाराच्या दिवशी घरातील कोणी कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले आणि दुसऱ्या वाटेने त्याला घेऊन आले, तर उपदेशाच्या चार बैठकींपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

आता नारळाकडे येऊ. १९४८ साली बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आठ भुकेली कबुतरे पिंजऱ्यांत ठेवली. प्रत्येक पिंजऱ्यात ठराविक वेळाने दाणे आपोआप पुढे येत. कबुतराने काही करो वा न करो, दाणे यावयाचेच. तरीही आठांपैकी सहा कबुतरांनी आपापली एक विशिष्ट कृती धरली. एक स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागले. एक पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोके खुपसू लागले. दोघे मान आणि अंग लंबकासारखे हलवू लागले. दाणे आले त्या क्षणी कबुतर जे काही करीत होते, ते त्याने पुन्हा केले, पुन्हा दाणे आलेच, आणि कृती पक्की झाली. स्किनर यांनी याला कबुतराची अंधश्रद्धा असेच नाव दिले. पुढे १९७१ मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅग यांनी हा प्रयोग अधिक बारकाईने केला. तेव्हा दिसले की दाणे येण्याची वेळ जवळ आली की बहुतेक कबुतरे जन्मजात चोच मारण्याकडेच वळतात. म्हणून स्किनर यांचे स्पष्टीकरण सर्वस्वी खरे मानता येत नाही. हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण आपल्याला सोयीचा प्रयोग तेवढा उचलावयाचा आणि त्यावरचा आक्षेप लपवावयाचा, ही भटजीची रीत झाली.

परंतु याच दिशेने निघालेली दुसरी एक गोष्ट शेकडो प्रयोगांत टिकली आहे. एखाद्या कृतीला प्रत्येक वेळी फळ मिळत असेल आणि एकदम फळ बंद झाले, तर प्राणी ती कृती लवकर सोडतो. पण फळ कधी मिळते, कधी मिळत नाही, असे असेल तर फळ बंद झाल्यावरही तो कितीतरी वेळ ती कृती करीत राहतो. उंदीर, कबुतर, माणूस, सर्वांच्या ठायी हेच आढळते. मटक्याचा आकडा लावणाऱ्याला विचारा. रोज हरणारा माणूस खेळ सोडतो. अधूनमधून जिंकणारा घर विकतो.

नवसाचे बळ येथे आहे. मुलाचा ताप पुष्कळदा तीन-चार दिवसांत आपोआप उतरतो. नारळ कबूल केला त्यानंतर तो उतरला तर श्रेय नारळाला. नाही उतरला तर नवसात काहीतरी चुकले. दहा नवसांपैकी चार फळले, एवढ्याने सवय चिवट होते, दहाच्या दहा फळले असते तर झाली असती त्याहूनही अधिक चिवट. म्हातारीने पन्नास वर्षे हेच शिकले आहे. तिच्या हातांनी, मानेने, ओठांनी ते शिकले आहे. तिने दीक्षेच्या दिवशी घेतलेला दुसरा धडा खरा होता. परंतु मुलाचा ताप, मध्यरात्र आणि भीती हीच तिची पहिली पेटी, आणि त्या रात्री ती त्या पेटीत परत गेली.

मग मुलगा चिडला त्याचा काही उपयोग झाला काय? रागावणे आणि मारणे यांवरही प्रयोग आहेत, आणि ते प्रत्येक आईबापाने ऐकण्यासारखे आहेत.

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांना पेटाऱ्यात कोंडून, कडी काढून बाहेर पडण्यास ती कशी शिकतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुख देणारी कृती पक्की होते आणि दुःख देणारी कृती सुटते, असा नियम त्यांनी त्यातून मांडला. हा नियम सर्वांना पटण्यासारखा होता. पण हे थॉर्नडाइक प्रामाणिक गृहस्थ होते. तीस-पस्तीस वर्षांनी त्यांनी माणसांवर प्रयोग केले. अनोळखी स्पॅनिश शब्द दाखवावयाचा, खाली पाच अर्थ, त्यांतील एक निवडावयाचा. निवड योग्य असेल तर "बरोबर" म्हणावयाचे, नसेल तर "चूक". "बरोबर" म्हटलेले उत्तर पुढच्या खेपेस हमखास वाढले. "चूक" म्हटलेले उत्तर मात्र फारसे कमी झाले नाही. १९३२ साली त्यांनी स्वतःच्या नियमाचा अर्धा भाग स्वतःच मागे घेतला. बक्षिसाने शिकणे होते. शिक्षेने सोडणे तितके होत नाही.

स्किनर यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उंदरांचा असाच एक प्रयोग आहे. दांडी दाबली की खाणे मिळते, हे उंदीर शिकले होते. मग खाणे बंद केले. एका गटाला काहीच केले नाही. दुसऱ्या गटातील उंदराने सुरुवातीच्या काही मिनिटांत दांडी दाबली की पंजावर चापट बसे. चापट खाणारे उंदीर लगेच शांत झाले. पाहणाऱ्याला वाटावे, काम झाले. पण चापटा थांबल्यावर ते पुन्हा दांडी दाबू लागले, आणि शेवटी दोन्ही गटांनी दाबलेल्या दांडीची एकूण संख्या जवळजवळ सारखीच भरली. माराने सवय कमी केली नाही, ती पुढे ढकलली.

शिक्षेचा परिणाम कधीच होत नाही असे मात्र नाही. पुढील काळात नेथन अझ्रिन आदींच्या प्रयोगांतून दिसले की शिक्षा कडक असेल, तत्काळ असेल आणि एकदाही चुकत नसेल, तर कृती दीर्घकाळ थांबते. पण विचार करा, अशी शिक्षा देणारा बाप चोवीस तास मुलाच्या डोक्यावर उभा राहावा लागेल. आणि तो समोर नसेल तेव्हा? मूल शिकते ते एवढेच, की बाप घरी असताना हे करावयाचे नाही. म्हातारीही तेच शिकेल. पुढच्या वेळी नारळ शेजारणीच्या हातून जाईल.

आता यावर उपाय काय, ते एका लहान मुलाच्या हकिकतीतून पाहू. त्याआधी दुसऱ्या एका मुलाची दुःखद हकिकत सांगणे भाग आहे. १९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी सुमारे अकरा महिन्यांच्या एका बालकावर प्रयोग केला. त्याच्यासमोर पांढरा उंदीर ठेवीत आणि मूल त्याला हात लावू लागले की पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा आपटीत. सात वेळा असे केल्यावर मूल नुसत्या उंदराला पाहून रडू लागले. पुढे ससा, कुत्रा, केसाळ कोट यांनाही भिऊ लागले. भीती शिकविता येते हे सिद्ध झाले. पण ती भीती काढून टाकण्यापूर्वीच मूल तेथून नेले गेले. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही आणि देऊही नये. विज्ञानाच्या नावाने एका अजाण लेकराला रडविले, आणि पुसावयाचे तेवढे राहून गेले.

ते पुसण्याचे काम मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने न्यूयॉर्कमध्ये हाती घेतले. १९२४ साली तिने ते प्रसिद्ध केले. तिचा बालक निराळा. अहवालात त्याचे नाव पीटर असे दिले आहे, वय दोन वर्षे दहा महिने. त्याला प्रयोगाने भिवविलेले नव्हते. तो आधीपासूनच ससा, पांढरा उंदीर, केसाळ कोट, कापूस, पीस यांना घाबरत असे. जोन्सबाईंनी इतर मुलांवर अनेक उपाय करून पाहिले होते. नुसता काळ जाऊ दिला, भीती राहिली. समजावून सांगितले: पाच वर्षांच्या आसपासच्या एका मुलीला आठवडाभर रोज सशाच्या गोष्टी सांगितल्या, चित्रे दाखविली, ती आनंदाने सशाविषयी बोलू लागली, आणि खरा ससा समोर येताच मागे सरली. इतर मुलांकडून थट्टा झाली, तेव्हा भीती कमी न होता उलट पक्की होण्याचा धोका दिसला. दोनच उपाय निश्चितपणे लागू पडले. एक म्हणजे न भिणाऱ्या मुलांच्या संगतीत ठेवणे. दुसरा आवडत्या खाण्याचा.

पीटरला प्रथम सशाला न भिणाऱ्या तीन मुलांबरोबर खेळावयास सोडीत आणि त्या वेळी ससा खोलीत आणीत. तो पुष्कळ सुधारला. इतक्यात त्याला लालज्वर झाला आणि दोन महिने रुग्णालयात ठेवावे लागले. तेथून निघताना एका मोठ्या कुत्र्याने अंगावर येऊन त्याला घाबरविले. परत आला तो भीती पहिल्याइतकीच घेऊन. येथे आपल्यापैकी पुष्कळांनी म्हटले असते, सगळी मेहनत पाण्यात गेली, हे पोर असेच राहावयाचे. जोन्सबाईंनी तसे म्हटले नाही. त्यांनी दुसरी रीत घेतली. पीटरला उंच खुर्चीवर बसवून त्याच्या आवडीचे खाणे देत. खाणे चालू असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या पार दूरच्या टोकाला आणून ठेवीत, त्याच्या खाण्यात व्यत्यय येणार नाही इतक्या अंतरावर. दुसऱ्या वेळी थोडा जवळ. मग आणखी थोडा. घाई नाही. कारण त्यांनी बजावून ठेवले आहे की ही रीत उलटूही शकते: ससा एकदम जवळ आणला तर सशाची भीती जाण्याऐवजी मूल खाण्यालाच भिऊ लागेल. शेवटी ससा पिंजऱ्याबाहेर आला, पीटरने त्याला हात लावला, आणि तो आपली बोटे सशाला कुरतडू देऊ लागला. कापूस, कोट आणि पिसे यांची भीतीही गेली. ती कोणी वेगळी काढली नव्हती.

मला वाटते, आपल्या घरातील म्हातारीसाठी आणि स्मशानाजवळून जाताना भूत म्हणून थरथरणाऱ्या पोरासाठी या एका हकिकतीत शंभर भाषणांचा ऐवज आहे. पोराला अमावास्येच्या रात्री एकट्याला स्मशानात नेऊन उभे करू नका. आधी दिवसा न भिणाऱ्या पोरांबरोबर जाऊ द्या, मग संध्याकाळी. म्हातारीला ताप चढलेल्या रात्री एकटी सोडू नका. तापमापक तिच्या हाती द्या, कपाळावर ओल्या फडक्याची घडी तिलाच ठेवू द्या, दर तासाला ताप किती ते तिलाच वाचावयास किंवा विचारावयास सांगा, औषधाची वेळ तिच्याकडे सोपवा. त्या रात्री तिच्या हातांना काम हवे असते. पूर्वी ते काम मीठ-मिरची करीत असे. हात रिकामे ठेवले तर जुने काम परत येईल. आणि ताप वाढतच असेल तर सर्वांनी मिळून मूल दवाखान्यात न्यावे, त्यात म्हातारीही असावी.

सभांविषयी दोन प्रयोग सांगितले पाहिजेत, कारण आपण सभा फार घेतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगल्या मांसाची टंचाई होती. जनावराचे हृदय, गुर्दे आणि गळ्याजवळील ग्रंथी यांचे मांस पौष्टिक, स्वस्त, पण तेथील गृहिणी त्याकडे नाक मुरडीत. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले मानसशास्त्रज्ञ कुर्त लेविन यांनी या बायांचे सहा गट घेतले. तीन गटांना उत्तम व्याख्यान दिले, पाककृतीही वाटल्या. उरलेल्या तीन गटांत तेवढ्याच वेळात बायांनी आपसांत चर्चा केली, अडचणी मांडल्या (नवरा ताटाला हात लावणार नाही, वास येतो), आणि शेवटी येत्या आठवड्यात कोण करून पाहणार ते हात वर करून सांगितले. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायांनी ते मांस शिजविले होते, निर्णय घेतलेल्यांपैकी ३२ टक्के. १९५५ साली एडिथ बेनेट यांनी या प्रयोगाची उकल करून दाखविले की नुसत्या चर्चेने विशेष फरक पडत नाही. निर्णय घेणे, आणि आपल्याबरोबर इतरांनीही तो घेतला आहे असे दिसणे, या दोन गोष्टींनी पडतो.

आपल्या चळवळीला हे अनुभवाने ठाऊक होते. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्यास सांगितले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी एकमेकांच्या देखत, एका स्वरात प्रतिज्ञा उच्चारल्या. घरी बसून छापील कागदावर सही करणे निराळे आणि शेजाऱ्याच्या कानावर आपला आवाज पडणे निराळे.

दुसरा प्रयोग येल विद्यापीठातील, १९६५ सालचा. हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची लस टोचून घेण्यास सांगणारी पत्रके दिली. काहींना भयंकर चित्रे असलेली, काहींना साधी. भयंकर पत्रक वाचून विद्यार्थी अधिक घाबरले, लस घेतली पाहिजे असे अधिक जोराने म्हणू लागले, आणि लस घेण्यास मात्र गेले नाहीत. शंभरांत तिघे गेले. दुसऱ्या काही विद्यार्थ्यांना पत्रकाबरोबर दवाखान्यावर खूण केलेला नकाशा दिला, वेळा दिल्या आणि आपल्या तासांतून केव्हा जाल ते ठरवा म्हटले. त्यांच्यापैकी शंभरांत सुमारे अठ्ठावीस गेले. दवाखाना कोठे आहे हे त्या सर्वांना आधीच माहीत होते! "दारूने संसाराची राखरांगोळी होते" हे आपण तिसऱ्या पिढीला सांगत आहोत. ते त्यांना माहीत आहे. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता कोठे जावयाचे, कोणाबरोबर, हे कोणी सांगत नाही.

नवी सवय पक्की होण्यास किती दिवस लागतात, असे अनेक जण विचारतात. एकवीस दिवस असे सांगण्याची पद्धत पडली आहे, तिला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एकाच प्रसंगी एकच लहान कृती करावयास सांगितली, जसे न्याहारीनंतर थोडे चालणे, आणि बारा आठवडे नोंद ठेविली. सवय अंगवळणी पडण्याचा काळ काढला तेव्हा कोणाचा १८ दिवस, कोणाचा २५४ दिवसांपर्यंत असा अंदाज निघाला. मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला तर विशेष बिघडत नाही, हेही त्यातून दिसले. रोज संध्याकाळी वंदना घेणाऱ्या घरात एक दिवस खंड पडला म्हणून पोरांवर ओरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आतापर्यंत आपण माणसाच्या आतील सवयींविषयी बोललो. परंतु पुष्कळदा जी गोष्ट मुलाचा स्वभाव किंवा मंदपणा म्हणून दिसते, ती मुलात नसतेच. ती खोलीत असते. यासंबंधीचा एक प्रयोग आपल्याच देशातील आहे, आणि तो आपल्या प्रत्येक पालकाला ठाऊक असावयास हवा.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीतील मुलांवर तो केला आणि २००४ व २००६ साली प्रसिद्ध केला. ३२१ मुले तथाकथित वरच्या जातींची, ३२१ मुले खालच्या मानलेल्या जातींची. सहा-सहा मुलांचे गट. काम सोपे: कागदावर भूलभुलैयाची कोडी, त्यांतून वाट काढावयाची, प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे एक रुपया. ज्या गटांत कोणाचीही जात सांगितली गेली नाही, तेथे दोन्हीकडच्या मुलांनी सारखीच कोडी सोडविली. दुसऱ्या गटांत काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे नाव, गाव, बापाचे नाव, आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली, आणि मुलाने मान हलवून होय म्हटले. तेवढेच. कोणी कोणाला शिवी दिली नाही. आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची सुटलेली कोडी पंचमांशाच्या आसपास घटली. तीच मुले, तीच कोडी, तोच रुपया.

संशोधकांनी मग आणखी एक गोष्ट केली. जात पुकारली, पण बक्षीस कोणाला मिळणार ते चिठ्ठी काढून ठरेल असे सांगितले. चिठ्ठी जात पाहत नाही. तेव्हा दोन्हीकडच्या मुलांतील फरक नाहीसा झाला. म्हणजे मुलांची बुद्धी आटली नव्हती. जात पुकारली गेल्याबरोबर त्यांनी ओळखले होते की येथे माणूस निवाडा करणार आहे आणि तो आपल्या बाजूने होणार नाही. मग हात आखडला. हा मुलांचा गैरसमज म्हणता येईल काय? त्यांनीही तो धडा कोठेतरी शिकलेलाच होता, आणि नारळापेक्षा कितीतरी अधिक खऱ्या अनुभवावरून.

तेव्हा "आमचा पोरगा वर्गात तोंड उघडत नाही, घरी मात्र सर्व येते" असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा पोराला दोन धपाटे घालण्याआधी वर्गात चौकशी करावी. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना शिक्षक साऱ्या वर्गासमोर जातींची यादी वाचून मुलांना उभे करतात काय, हे मुलाला विचारावे. करीत असतील तर दोघा-तिघा पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटावे, भांडण न करता लेखी अर्ज द्यावा, आणि ही माहिती प्रत्येक मुलाकडून कार्यालयात एकेकट्याने घ्यावी अशी मागणी करावी. परीक्षेच्या आठवड्यात तर ही यादी वर्गात वाचलीच जाऊ नये. अर्जाची प्रत जवळ ठेवावी, आणि पुढील वर्षी जूनमध्ये शाळा उघडताच पुन्हा विचारणा करावी.